चार नंबरच्या टाकीतले तीस

आमच्या आईने घड्याळ बघून कधी स्वयंपाक केला नाही. घरात घड्याळ होतं, आबांनी ठाण्याहून आणलेलं, चावीचं, पण तिचा भरवसा भोंग्यांवर. वारा तिकडून असला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांचे भोंगे वाशीला आमच्या एका खोलीत ऐकू येत, आणि प्रत्येकाचा गळा वेगळा. एक जाड घशाचा, एक लांबवर रेंगाळणारा, आणि आबांच्या कंपनीचा शेवटी जरासा चिरकणारा. तो चिरकला की आई स्टोव्हला पंप मारायला घ्यायची. आबांची बस यायला पाऊण तास लागे. तेवढ्यात कुळथाची पिठी व्हायची, तांदळाच्या भाकऱ्या व्हायच्या, आणि सुक्या जवळ्यात कांदा पडला की त्या वासाने शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणायच्या, "काय हो जाधवबाई, आज पण?" आई वाटीभर काढून द्यायची. खेडजवळच्या आमच्या गावाहून दर मे महिन्यात कुळीथ आणि आमसुलं यायची. जवळा मात्र दिवाळे गावची कोळीण दारावर आणून देई.

आबा घरात शिरायच्या आधी त्यांचा वास शिरायचा. सॉल्व्हंटचा, गोडसर, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, तरी तो वास जायचा नाही. आम्हा भावंडांना त्याची इतकी सवय झाली होती की कोकणात आजोळी गेलो की पहिले दोन दिवस काहीतरी चुकल्यासारखं वाटे. आबा कंपनीच्या टँक फार्मवर ऑपरेटर होते. टँक फार्म म्हणजे रसायनांच्या मोठ्या उभ्या टाक्यांचं आवार. आठ टाक्या होत्या, आणि आबा त्यांच्याबद्दल गोठ्यातल्या जनावरांसारखे बोलत. दोन नंबरची टाकी "गरीब", सहा नंबरची "खोडकर", चार नंबरची "म्हातारी". जेवताना कधीतरी ते भाताच्या टोपावर बोटाचं पेर वाजवून दाखवत. "हा बघ, भरलेल्याचा आवाज बद्द. रिकाम्याचा खणखणीत. टाकीपन तशीच बोलते. फक्त लोखंडावर लोखंड मारायचं नाय, बोटानं मारायचं." ठिणगीची भीती, म्हणून बोट. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या पेरावर घट्टा पडला होता.

मला गणित येत होतं, एवढंच माझं भांडवल. बी.एस्सी. झाले, मग कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स केला. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काय हे आमच्या इमारतीत कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोर्स करतानाही बरेच दिवस मला सांगता येत नव्हतं. आबांच्या कंपनीत कॉम्प्युटर विभागात जागा निघाल्या आणि कामगारांच्या मुलांचे अर्ज मागवले, तेव्हा आबांनी अर्जाचा कागद चार पदरी घडी घालून खिशातून आणला आणि वंदनेनंतर, रविवारी सकाळी, माझ्या पुढ्यात ठेवला. "भर," म्हणाले. मी प्रोबेशनवर लागले. आई विहारात सगळ्या बायकांना सांगत सुटली, "आमची करुणा थंडगार खोलीत काम करते, चपला बाहेर काढून." कॉम्प्युटरच्या खोलीत खरंच चपला बाहेर काढाव्या लागत. आज माझ्या नातीच्या हातातल्या फोनला त्या खोलीबद्दल सांगितलं तर हसायला येईल त्याला, पण त्या वेळी त्या कपाटाएवढ्या यंत्रापुढे आम्ही देवळात उभे राहिल्यासारखे उभे राहायचो.

विभागाच्या प्रमुख होत्या प्रधान मॅडम. सुती साडी, चष्म्याला काळी दोरी, आणि ठाण्याहून रोज येऊनही चेहऱ्यावर प्रवासाचा मागमूस नाही. बोलायच्या कमी आणि झटपट. माझ्याकडे त्यांनी पहिलं स्वतंत्र काम दिलं ते टाक्यांच्या प्रोग्रामचं. ते काम काय होतं हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रोज सकाळी ऑपरेटर प्रत्येक टाकीवर चढे आणि वरच्या नळीतून वजन लावलेली मोजपट्टी आत सोडे. जिथपर्यंत पट्टी ओली होई तेवढी रसायनाची उंची. आठ टाक्यांच्या आठ उंच्या एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आमच्याकडे येई. आम्ही ते आकडे कॉम्प्युटरला दिले की तो एक तक्ता छापून देई: कुठल्या टाकीत किती लिटर माल आहे, आणि अजून किती मावेल. त्या तक्त्यावरून स्टोअरचे साहेब ठरवत की आलेला टँकर कुठल्या टाकीत उतरवायचा.

हा प्रोग्राम माझ्या आधीच्या माणसाने लिहिला होता. तो नोकरी सोडून आखातात गेलेला. हुशार असणार, कारण प्रोग्राम चोख चालत होता. पण त्यात जागोजाग नुसते आकडे होते. तीस, दोन, अठ्ठावीस, सत्तर पूर्णांक सात. कुठला आकडा कशाचा, याचा एक शब्द नाही. त्याच्या डोक्यात ते स्पष्ट असणार आणि ते डोकं आता वाळवंटात कुठेतरी होतं. आमच्या धंद्यात अशा आकड्यांना जादूचे आकडे म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला ते साधेच वाटले. आकडा तो आकडा.

एके दिवशी प्लांटवरून चिठ्ठी आली. टाक्यांच्या माथ्यावर हवा सुटायच्या नव्या नळ्या बसवल्या आहेत, तेव्हा आजवर टाकीच्या तोंडापासून तीस सेंटीमीटर जागा मोकळी सोडत होतो ती आता पंधरा सोडली तरी चालेल. प्रोग्राममध्ये तसा बदल करावा. प्रधान मॅडम तेव्हा घाईत होत्या, पगाराच्या कामात गुंतलेल्या. म्हणाल्या, "करुणा, बघून घे. छोटंसं आहे." मी हिरव्या पट्ट्यांच्या रुंद कागदावर अख्खा प्रोग्राम छापून घेतला, जमिनीवर पसरला आणि लाल पेन्सिल घेऊन तीस शोधायला बसले. बारा ठिकाणी सापडले. त्यातला एक तीस म्हणजे ओळीचा क्रमांक होता, प्रोग्रामला त्या ओळीवर उडी मारायला सांगणारा. तो मी बरोबर ओळखला आणि सोडून दिला. त्या ओळखण्याचा मला इतका अभिमान झाला की बाकीच्या अकरांना काही विचारायचं राहूनच गेलं. अकराही ठिकाणी तीसचे पंधरा केले, तक्ता छापून पाहिला, आकडे पहिल्यापेक्षा थोडे मोठे आले, जसे यायला हवे होते तसेच. मी खूश. घरी येताना सेक्टरच्या मार्केटातून आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला, काही कारण नसताना.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी बातमी आली की टँक फार्मवर भांडण झालंय. आमच्या विभागात चहा देणारे गायकवाडकाका सांगत होते. चार नंबरच्या टाकीत टँकर उतरत होता. तक्त्यात लिहिलं होतं की अख्खा टँकर मावेल. तो बराचसा उतरल्यावर ऑपरेटरने आपल्या मनाने पंप बंद केला आणि वाल्व्ह आवळून टाकला. स्टोअरचे सबनीस साहेब धावत गेले. टँकरवाला ओरडतोय, मागे दुसरा टँकर उभा, आणि ऑपरेटर म्हणतोय टाकी भरली. साहेब तक्ता नाचवत विचारतायत, "कॉम्प्युटरपेक्षा तू शहाणा काय?"

"कोण ऑपरेटर?" मी विचारलं, पण मला माहीत होतं.

"तुझे वडील ना ते, जाधव?" काका म्हणाले. "मेमो देणार म्हणे."

मला तेव्हाही माझी शंका आली नाही, हे आज लिहिताना मलाच खरं वाटत नाही. मला वाटलं आबा जुन्या वळणाचे, टाकीला बोट मारून बघणारे. कॉम्प्युटर चुकत नसतो हे मी कोर्समध्ये शिकले होते. थोडी लाजही वाटली त्यांची. हे वाक्य लिहू की नको असा बराच वेळ विचार केला. पण ते खरं आहे.

दुपारी स्टोअरमधून एका क्लार्कचा फोन आला. तो बिचारा हसत होता. "मॅडम, हा महिन्याच्या सरासरीचा कागद बघा की जरा. रोजचा खप एकदम डबल दाखवतोय. आपली कंपनी रसायन पितेय काय?" मी कागद काढला. खरंच दुप्पट. महिन्याचा एकूण खप भागिले महिन्याचे दिवस. दिवस तीस. मी त्यांचे पंधरा केले होते.

तो तीस टाकीच्या तोंडाशी सोडायच्या जागेचा नव्हताच. तो महिन्याचा होता. मग बाकीचे? लाल पेन्सिलीचा कागद परत काढला. एकेक तीस बघत गेले. बहुतेक मोकळ्या जागेचेच होते. पण दोन ओळी अशा होत्या की तिथे आधी विचारलेलं, टाकी चार आहे का, आणि असेल तर मोजलेल्या उंचीत तीस मिळवायचे. फक्त चारलाच. का, ते लिहिलेलं नव्हतं. मी आता पंधरा मिळवत होते. काहीही असलं तरी इतकं उघड होतं की चार नंबरच्या टाकीत खरा माल तक्त्यापेक्षा पंधरा सेंटीमीटर वर होता, आणि मी वर पंधराच सेंटीमीटर सोडले होते. तक्त्याप्रमाणे भरली असती तर टाकी काठोकाठ. उन्हाने माल फुगला असता आणि नळीतून बाहेर आला असता. खाली पंप, माणसं, उभा टँकर, आणि ठिणगीची वाट बघणारं सॉल्व्हंट. तरी सुटीचा भोंगा होईपर्यंत मी मॅडमच्या टेबलापर्यंत गेले नाही.

त्या संध्याकाळी आबा नेहमीसारखे हातपाय धुऊन जेवायला बसले. मेमोचा कागद त्यांनी खिडकीत डब्याखाली ठेवला होता. दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता, टँकर उतरवण्यात विनाकारण अडथळा आणल्याबद्दल. आईने तो उचलून पाहिला, इंग्रजी म्हणून परत ठेवला.

"माफी लिहून द्या आणि मोकळे व्हा," आई म्हणाली. "पोरगी आत्ताच लागलीय तिथं. तिच्यावर नको राग काढायला कुणी."

"चूक केली असती तर दिली असती लिहून," आबा म्हणाले. "टाकीच्या वरच्या कड्याच्या लगेच खाली बद्द आवाज आला. माझ्या कानानं ऐकला. मग काय चालू ठेवू पंप?"

मी हातातला घास तसाच ठेवला आणि सांगितलं. सगळं सांगितलं, तीस, पंधरा, महिन्याचे दिवस, चार नंबरची टाकी. आईला ते फारसं कळलं नसावं, पण माझ्या आवाजावरून काय ते कळलं. तिने धाकट्या भावाला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर काढलं. आबा ऐकत होते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"ते तीस कसले, ते तुला म्हाईत होतं?"

"नाही."

"कुणाला विचारलंस?"

"नाही विचारलं."

"मी रोज तुझ्यासमोर जेवतो गो," आबा म्हणाले. एवढंच. आवाज चढला नाही, उलट उतरला. मग त्यांनी भाकरीचा तुकडा पिठीत फिरवला. "उद्या मॅडमना सांग. माझ्या मेमोसाठी सांगू नको. तो काय, येतो नि जातो. उद्या कधी माझ्या जागेवर दुसरा कोन असंल, त्याच्यासाठी सांग. त्याला आवाज कळला नाय तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एकाच बसने गेलो. नेहमी ते मागे मित्रांमध्ये बसत आणि मी पुढे. त्या दिवशी ते माझ्या शेजारी येऊन बसले. तुर्भ्याच्या पुढे रस्ता खराब होता, बस हिंदकळे तेव्हा त्यांचा खांदा मला लागे.

प्रधान मॅडमच्या टेबलासमोर मी उभी राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "बस. एसी चालू आहे, घाम कशाला फुटलाय?" मी लाल पेन्सिलीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि बोलून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, दोरीवर सोडला. पहिलं काम त्यांनी माझ्याशी बोलायचं केलं नाही. फोन उचलला आणि टँक फार्मला कळवलं की आजचा तक्ता वापरू नका, कुठल्याही टाकीत काही उतरवू नका. जुना प्रोग्राम परत चढवला, नवा तक्ता छापून पाठवला. मग माझ्याकडे वळल्या.

"किती ठिकाणी बदललंस?"

"अकरा."

"त्यातले बरोबर किती होते?"

मी आदल्या दिवशीच मोजले होते. "आठ."

"फर्स्ट क्लास," त्या म्हणाल्या, न हसता. "काल पंप बंद केला ते जाधव तुझे वडील."

"हो."

"ते तुझे वडील नसते, तर आली असतीस सांगायला?"

"माहीत नाही, मॅडम."

आज माझे केस पांढरे झाले, तरी या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. मला वाटलं आता त्या प्रोबेशनचा कागद काढतील. त्या म्हणाल्या, "आणि मी दोन वर्षं हा प्रोग्राम चालवतेय. मला तरी कुठे माहीत होतं चार नंबरला तीस कशाला मिळवतात. छोटंसं आहे म्हणून तुझ्या हातात दिलं ते मी. चल."

आम्ही प्लांट मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो. सबनीस साहेबांना तिथेच बोलावलं. मॅडमनी उभ्या उभ्या सांगितलं की चूक कॉम्प्युटर विभागाची आहे, म्हणजे त्यांची स्वतःची, आणि ऑपरेटरने पंप बंद केला नसता तर आज आपण वेगळ्या विषयावर बोलत असतो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी दाराशी भिंतीला टेकून उभी होते आणि मॅनेजर साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, त्यांना कळलं असावं. मेमो मागे घेतल्याचा कागद त्याच दिवशी निघाला. सबनीस साहेब आबांना "सॉरी" म्हणाले नाहीत. पण त्यानंतर टँकर उतरवायच्या आधी ते आबांना विचारायचे, "काय जाधव, मावतोय ना?" आबांना तेवढं पुरलं.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला शिक्षा सांगितली. त्या तिला शिक्षा म्हणाल्या, मी आजही तिला माझं खरं शिक्षण म्हणते. "या प्रोग्राममध्ये एकही उघडा आकडा राहता कामा नये. प्रत्येकाला नाव दे. सगळ्यात वर, एकाच जागी, नाव लिहायचं आणि त्यापुढे किंमत. खाली सगळीकडे नावच वापरायचं. म्हणजे उद्या मोकळी जागा बदलली तर वर एक आकडा बदलायचा, झालं. महिन्याला आणि टाकीला हात लागणार नाही. आणि नाव मनाने द्यायचं नाही. तो आकडा कशाचा ते ज्याला माहीत आहे त्याला जाऊन विचारायचं."

त्या काळी आमच्या त्या भाषेत नाव सहा अक्षरांच्या वर चालत नसे. सहा इंग्रजी अक्षरांत मोकळी जागा बसवायची, टाकीची उंची बसवायची, एका सेंटीमीटरला किती लिटर ते बसवायचं. बारसं करणं सोपं नव्हतं.

पुढचे आठ-दहा दिवस मी चपला घालून काम केलं, बुटांसारख्या जाड तळाच्या, कारण टँक फार्मवर तसाच नियम होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात आकड्यांची यादी. आबांबरोबर तिथे धर्मा पाटील असायचे, तळवलीचे, आबांच्याच वयाचे फिटर. त्यांच्या घरची शेती कंपन्यांच्या जागेत गेली होती आणि ते त्याच जमिनीवर नोकरीला होते. मी पहिल्याच दिवशी चार नंबरच्या तीसचं विचारलं तेव्हा ते हसायला लागले.

"त्यात काय इचारतंस पोरी. चार नंबरच्या टाकीन खाली लोखंडाचा पाट हाय. पूर्वी आत गरम वाफेची नली व्हती, तिचेवर बसवलेला. नली काढली, पाट ऱ्हायला. पट्टीचा वजन त्या पाटावर टेकतं, बुडाला नाय लागत. पाटाचे खाली तीस सेंटीमीटर माल हाय, तो पट्टीला दिसतच नाय."

"कोणाला माहीत होतं हे?"

"आमा सगल्यांना," धर्माकाका म्हणाले. "कोनी इचारलाच नाय."

त्या तीसचं नाव मी पाट ठेवलं. पी, ए, टी आणि पुढे चार. मॅडमनी यादी वाचताना विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पाट. बसायचा." त्यांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली आणि पुढे वाचायला लागल्या.

असे एकेक आकडे उलगडत गेले. अठ्ठावीस म्हणजे सहा नंबरच्या टाकीच्या तळाशी ज्याखालचा माल पंपाला ओढता येत नाही ती उंची. आबा तिला खोडकर का म्हणायचे तेही त्यात कळलं. ती मधेच पंपाला हवा पाजायची. सत्तर पूर्णांक सात म्हणजे मधल्या चार टाक्यांत एका सेंटीमीटरला किती लिटर ते. मी आबांना टाकीच्या घेराचं गणित करून दाखवलं, त्यांनी दोरीने घेर मोजून माझं उत्तर तपासलं, आणि ते जुळल्यावर धर्माकाकांकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली.

दोन हा आकडा मात्र कशाचा ते कुणाला सांगता येईना. प्रत्येक टाकीच्या मोजलेल्या उंचीतून प्रोग्राम दोन सेंटीमीटर वजा करत होता. मॅडमना माहीत नाही, स्टोअरला माहीत नाही. मी दोन दिवस तो घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, टाक्यांच्या मागच्या करंजाच्या सावलीत, आबा डबा उघडता उघडता थांबले.

"अरे धर्मा, ती पहिली पट्टी. तिचं टोक झिजलं होतं नि आपण कापलं नव्हतं?"

"बरोब्बर. दोन बोटा कापली व्हती."

पट्टी पुढून कापली म्हणजे ती दोन सेंटीमीटर जास्त दाखवणार, म्हणून आखातात गेलेल्या त्या माणसाने दोन वजा केले होते. त्याने विचारलं होतं तर. त्याने येऊन बघितलं होतं, फक्त लिहून ठेवलं नव्हतं. पण ती पट्टी केव्हाच मोडीत गेली होती. नवी, पूर्ण पट्टी येऊन तीन वर्षं झाली होती आणि आमचा कॉम्प्युटर रोज सकाळी, इमानाने, न कापलेल्या पट्टीचे दोन सेंटीमीटर कापून घेत होता. मी तो आकडा नाव न देता काढून टाकला. त्या दुपारी आईने दिलेले सुक्या कोलंबीचं कालवण आणि भाकरी आम्ही तिघांनी वाटून खाल्ली. धर्माकाकांनी त्यांच्या घरच्या तांदळाची भाकरी मला जबरदस्तीने दिली. आबांच्या कामाच्या जागी बसून मी पहिल्यांदा जेवत होते.

पुढे मी तीस-बत्तीस वर्षं हेच काम केलं, वेगवेगळ्या कंपन्यांत, तळोज्यालाही बरीच वर्षं. माझ्या हाताखाली आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी टेबलाशी बसवलं नाही, आधी प्लांटवर फिरवलं. त्यांना वाटायचं मॅडम वेळ घालवतायत. प्रधान मॅडम निवृत्त झाल्यावर मी दरवर्षी दिवाळीत त्यांच्याकडे ठाण्याला जात असे. एकदा धीर करून विचारलं की तुम्ही मला त्या वेळी काढून का नाही टाकलं. त्या म्हणाल्या, "एवढी चूक करून स्वतः सांगायला आलेली मुलगी काढायची, आणि नवी आणायची, तिने चूक लपवली तर?" आणि मला अजून एक अनारसा वाढला.

तर त्या यादीचं सांगायचं राहिलं. सगळे आकडे संपल्यावर मी ती नीट टाइप करून घेतली. एका बाजूला नाव, मग किंमत, मग ते कशाचं आहे ते एका ओळीत. इंग्रजीत, आणि मॅडमच्या सांगण्यावरून प्रत्येक ओळीखाली मराठीत हाताने. खाली तयार करणार म्हणून माझी सही. मॅडमनी त्याखाली पट्टीने आणखी एक रेघ मारली आणि लिहिलं, "तपासणार". मला वाटलं त्या सही करतील. त्यांनी कागद पुठ्ठ्यावर लावला, पायात चपला घातल्या आणि माझ्याबरोबर टँक फार्मवर आल्या. त्या तिथे याआधी कधी आल्या नव्हत्या. आबा पाच नंबरच्या जिन्यावरून खाली उतरत होते.

"जाधव, ही यादी वाचा," मॅडम म्हणाल्या. "एकही आकडा चुकीचा असेल तर सांगा. बरोबर असेल तर इथे सही करा. तुम्ही सही केल्याशिवाय हा प्रोग्राम चालू होणार नाही."

आबांनी हात पँटला पुसले. मग रुमालाला पुसले. कागद उन्हातून बाजूला, पंपाच्या शेडमध्ये नेला आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचायला लागले. मराठी ओळ वाचायचे, टाकीकडे बघायचे, पुढची वाचायचे. धर्माकाका त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मॅडम उभ्याच राहिल्या, कुणी स्टूल आणलं तरी बसल्या नाहीत. एका ठिकाणी आबा थांबले, सात नंबरच्या उंचीवर, आणि जाऊन ती परत मोजून आले. बरोबर होती. शेवटच्या ओळीवर आल्यावर त्यांनी मॅडमकडे बघितलं.

"नावापुढे काय लिहू? हुद्दा?"

"जो आहे तो."

त्यांनी पंपाच्या झाकणावर पुठ्ठा टेकवून, एकेक अक्षर सुटं करून, सखाराम धोंडू जाधव, टँक फार्म ऑपरेटर, असं मराठीत लिहिलं. कागद माझ्या हातात देताना माझ्याकडे बघितलं नाही. फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला तशी त्यांनी हेल्मेट डोक्यावर घातलं, म्हणाले, "चल धर्मा, गाडी आली," आणि दोघं वाल्व्ह उघडायला गेले.